घाटरस्त्याखाली जिओग्रिड सक्तीचं करावं का?

दरीकाठ:
जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला २४ तासांत ५९० मिमीच्या वर पाऊस झाला आणि आंबेनळी घाटाचा रस्ता जागोजागी तुटून दरीत गेला, आठवतंय ना. माझं म्हणणं, घाटात रस्ता नव्याने करताना खडीच्या थरात जिओग्रिड, म्हणजे प्लास्टिकची मजबूत जाळी, सक्तीचं करा. आपले घाट अर्धे डोंगर कापून आणि अर्धे भराव टाकून केलेत, भराव बसतो आणि बरोब्बर त्या सांध्यावर लांबच लांब चीर पडते, मग दरवर्षी ती डांबराने बुजवायची आणि पुढच्या पावसात परत तीच. जाळी सांध्यावरून आडवी नेली की खडी तिच्या भोकांत अडकून बसते, बाजूला सरकत नाही, भराव थोडा खचला तरी रस्ता एकदम फाटत नाही.

मोरीवाला:
अजिबात पटलं नाही. आंबेनळीत भरावच खालपासून गेला, वरच्या अर्ध्या मीटरमधली जाळी तो कशी धरणार? डोंगराकडचं गटार मातीने भरलेलं, मोरी तुंबलेली, पाणी रस्ता ओलांडून भरावात मुरतंय आणि त्यावर तुम्ही महागडं प्लास्टिक अंथरणार. आधी पाणी काढा हो!

दरीकाठ:
आंबेनळीचं उदाहरण चुकलं, मान्य. तिथे गॅबियन (दगड भरलेल्या तारजाळीच्या पेट्या) नाहीतर थराथराने ग्रिड घालून बांधलेली भिंतच लागते. पण सांध्याच्या चिरेचं काय? पाणी त्या चिरेतूनच आत जातं ना.

रोलरमागे:
मी साइटवर हे काम केलंय म्हणून सांगतो, दोघांचंही अर्धं बरोबर. कातळात कापलेल्या तुकड्यात ग्रिडची गरजच नाही, त्यामुळे सरसकट सक्ती म्हणजे पैसे वाया. जिथे खाली चिकणमाती आहे तिथे नुसती जाळी टाकली तर चिखल भोकांतून वर खडीत येतो, खाली जिओटेक्स्टाइल, म्हणजे माती अडवणारं कापड, हवंच. आमच्या एका कामात रोल कितीतरी दिवस उन्हात पडून राहिले, मग खडी न पसरता डंपर थेट जाळीवर घातले, जाळी गोळा झाली आणि तशीच गाडली. मला अजून त्रास होतो त्याचा. इंडियन रोड्स काँग्रेसचं एसपी ५९ हे मार्गदर्शक पुस्तक आहे ना यासाठी, ते साइटवर कोणी उघडतच नाही.

मोरीवाला:
मग टेंडरमध्ये असं लिहा, गटार आणि मोऱ्या पुऱ्या झाल्याशिवाय ग्रिडचं बिल निघणार नाही, मी लगेच पाठिंबा देतो. आणि पुढच्या वर्षी पाइपलाइनवाले साईडपट्टी खोदून ती जाळी कापणार, ते कोण अडवणार तेही लिहा.