मदत हवी आहे: कानबान कार्डं स्कॅन करायला लागल्यापासून कुठे माल कमी पडतोय, कुठे दुप्पट येतोय

चाकणला वाहनांच्या सुट्या भागांची असेंब्ली लाइन आहे. व्हेंडर भोसरीचा, टेम्पोच्या दिवसाला दोन फेऱ्या. आजवर रिकामे क्रेट आणि कागदी कानबान कार्डं (एक कार्ड म्हणजे एका क्रेटची मागणी) टेम्पोतूनच जायची. आता १२ ब्रॅकेटांच्या कार्डांवर क्यूआर चिकटवलाय. स्कॅन केलं की मागणी थेट व्हेंडरच्या स्क्रीनवर दिसते. क्यूआरमध्ये पार्ट नंबर आणि ४० नग एवढंच आहे. क्रेट संपला की ऑपरेटर स्कॅन करतो. दोन आठवड्यांत काही पार्ट सिस्टिमला 'भरलेले' दिसतायत पण रॅक रिकामा, आणि काहींची मागणी दोनदा गेली. चूक कुठे होतेय? आणि कार्डं किती कमी करता येतील? एका ब्रॅकेटचा खप दिवसाला १,२०० नग आहे, सध्या ५४ कार्डं फिरतात.

प्रतिसाद १
दुप्पट मागणीचं मूळ क्यूआरमध्येच आहे. ५४ कार्डांवर एकच कोड असेल तर तेच कार्ड दोनदा स्कॅन झालं की दोन वेगळी झाली, हे सिस्टिमला कळणार कसं? प्रत्येक कार्डाला स्वतःचा क्रमांक द्या: पार्ट नंबर, मग ०१ ते ५४. कार्ड आधीच 'रिकामं' असेल तर दुसरा स्कॅन नाकारला गेला पाहिजे आणि स्कॅनरने वेगळा आवाज दिला पाहिजे.

पण हे केलंत की माल आल्यावरही तेच कार्ड स्कॅन करून 'भरलेलं' करावंच लागेल. स्टोअरने मालासोबतच्या चलनावरून एकगठ्ठा जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) केलं तर कार्ड 'रिकामं'च राहतं, पुढची खरी मागणी नाकारली जाते आणि दोन दिवसांनी लाइन थांबते. मालासोबत जाणारं कार्ड व्हेंडरने त्याच क्रमांकाचं छापून लावायचं.

ऑपरेटरकडून स्कॅनिंग काढून घ्या. लाइन चालू असताना तो विसरणारच, आणि 'भरलेले' दिसणारे रिकामे रॅक त्यातूनच येतात. क्रेटमधला पहिला नग उचलताना ऑपरेटरने कार्ड काढून पेटीत टाकायचं. मटेरियलवाल्याने दर अर्ध्या तासाच्या फेरीत पेटी रिकामी करून स्कॅन करायचं. दोन शिफ्टमध्ये कामाचे १५ तास धरले तर ताशी ८० नग जातात, म्हणजे एक क्रेट अर्धा तास पुरतो. एक शिफ्ट पहिल्या नगाला आणि दुसरी शेवटच्या नगाला कार्ड काढत असेल, तर हिशेबात दर जागेला एक क्रेट इकडचा तिकडे होतो.

प्रतिसाद २
लेबल तेलाने पुसट होत असेल तर साधं थर्मल (उष्णतेने उमटणारं) लेबल वापरू नका. पॉलिस्टर लेबलवर रेझिन रिबनने (प्रिंटरची टिकाऊ शाईपट्टी) छापा. चुकदुरुस्तीची पातळी 'क्यू' ठेवा, म्हणजे कोडचा साधारण २५ टक्के भाग खराब झाला तरी वाचता येतो. (क्यूआर कोड १९९४ साली जपानमध्ये डेन्सोने काढला, तोही कारखान्यातल्या सुट्या भागांचा माग ठेवायला.) लेबल प्लास्टिकच्या पाकिटाच्या आत घालू नका, चकाकीमुळे स्कॅनर अडखळतो.

प्रतिसाद ३
कार्डांचा हिशेब: रोजचा खप × भरपाईचा काळ (मागणीपासून माल येईपर्यंतचे दिवस) × (१ + राखीव) ÷ क्रेटमधले नग. तुमचे ५४ म्हणजे १,२०० × १.५ × १.२ ÷ ४०. दीड दिवसाचा काळ आणि २० टक्के राखीव. कार्डाचा टेम्पोतला प्रवास वाचला की त्यातला अर्धा दिवस कमी होतो, उरतात ३६ कार्डं. ही १८ कार्डं एकदम काढू नका. आठवड्याला ३ काढा, आणि ज्या आठवड्यात भरलेले क्रेट ६ च्या खाली गेले त्या आठवड्यात एकही नाही. काढलेलं कार्ड सिस्टिममध्येही बंद करा.

आणखी एक गोष्ट हमखास निसटते. मागणी लगेच पोचते, पण रिकामा क्रेट टेम्पोनेच जातो. व्हेंडरकडे क्रेट नसला की तो हाती लागेल त्या खोक्यात माल भरतो आणि ४० चा आकडा मोडतो. एका फेरीचे ६०० नग, म्हणजे १५ जादा क्रेट आधीच भोसरीत ठेवा.

या १२ पार्टांचं एमआरपीचं (संगणकावरच्या माल-नियोजनाचं) शेड्यूल अजून व्हेंडरला जातंय का? जात असेल तर ते फक्त अंदाज म्हणून पाठवा, डिलिव्हरी मात्र कार्डांनुसारच.

धागाकर्ता
हो, शेड्यूल अजून जातंय, आजच थांबवतो. वाय-फाय गेलं तर काय करायचं?

प्रतिसाद १
स्कॅनर ऑफलाइन साठवणारा घ्या. नेटवर्क आल्यावर सगळे स्कॅन मूळ वेळेसह जातात ना, तेवढं तपासा. टेम्पो सुटायच्या आत आलं नाही, तर पेटीतली कार्डं जुन्यासारखी ड्रायव्हरकडे द्या आणि व्हेंडरने ती तिकडे स्कॅन करावीत.