प्रश्नांची संख्या हेच माप आहे का?

एका प्रतिसादात लोकप्रतिनिधीचे काम त्याने सभागृहात विचारलेल्या प्रश्नांच्या संख्येवरून मोजावे, असे म्हटले आहे. ते मला पटत नाही. मुंबईच्या समाजवादी नेत्या मृणाल गोरे यांचे उदाहरण पाहावे. 1961 मध्ये मुंबई महानगरपालिकेत, 1972 मध्ये विधानसभेत आणि 1977 मध्ये लोकसभेत त्या निवडून आल्या, परंतु तिन्ही सभागृहांतील त्यांच्या बोलण्याला आधार होता तो गोरेगावच्या वस्त्यांत रिकामे हंडे घेऊन नळापाशी ताटकळणाऱ्या बायकांचा. ‘पाणीवाली बाई’ हे नाव त्यांना लोकांनी दिले, पक्षाने नव्हे.

शहरात एकाला किती मोकळी जमीन ठेवता येईल यावर मर्यादा घालून त्यावरची अतिरिक्त जमीन सरकारने घ्यावी, यासाठी नागरी जमीन कमाल धारणा कायदा 1976 मध्ये आला. त्यातील कलम 20 प्रमाणे सरकारला अशा अतिरिक्त जमिनीला कायद्यातून सूट देता येत असे, आणि दुर्बल घटकांच्या घरांसाठी असलेली ही जमीन याच वाटेने निसटत होती. त्याविरुद्ध मृणाल गोरे आणि त्यांचे सहकारी प. बा. सामंत केवळ भाषणे करून थांबले नाहीत. नागरी निवारा परिषद या संस्थेमार्फत त्यांनी गोरेगावच्या दिंडोशीला हजारो कुटुंबांची घरे प्रत्यक्ष उभी केली. (महाराष्ट्राने तो कायदा 2007 मध्ये रद्द केला, याचे मला आजही वाईट वाटते.)

विरोधी बाकावरून काय साधते, असेही त्या प्रतिसादात विचारले आहे. गर्भलिंगचाचणीविरुद्ध मृणाल गोरे यांनी 1986 मध्ये विधानसभेत अशासकीय (मंत्री नसलेल्या सदस्याचे) विधेयक मांडले आणि 1988 मध्ये राज्य सरकारला स्वतःचा कायदा करावा लागला; केंद्राचा कायदा त्यानंतर, 1994 मध्ये झाला.