आयफोन १७ की १७ प्रो? ५२ हजारांच्या फरकात नेमकं काय मिळतं?

खोखोप्रेमी_चंद्रपूर

सध्या आयफोन १२ आहे, आता बदलायचा आहे. बाजारात आले तेव्हाच्या भारतातल्या किमती: १७ (२५६ जीबी) ८२,९०० आणि १७ प्रो (२५६ जीबी) १,३४,९००. म्हणजे फरक ५२,००० चा. फोन पाच वर्षं वापरणार. गेम खेळत नाही. यूपीआय, व्हॉट्सॲप, ऑफिसची मेल एवढंच. खरी गरज फोटोंची. मुलगी खो-खो खेळते, तिचे मैदानावरचे फोटो आणि शाळेच्या गॅदरिंगचे व्हिडिओ. शिवाय इथल्या उन्हाळ्यात फोन तापून स्क्रीन अंधुक होते. १२० हर्ट्‌झची (सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारी) स्क्रीन आता साध्या १७ मध्येही आहे, मग प्रो कशासाठी घ्यायचा? ईएमआयवर घेणार आहे.

भिंगवाला

तुमच्या बाबतीत निर्णय एकाच गोष्टीवर ठरतो: टेलिफोटो, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स. ती १७ मध्ये नाही. प्रोमध्ये ४एक्सला (चौपट झूमला) ४८ मेगापिक्सेलची, १०० मिमीच्या तोडीची आहे (मिमी जितके जास्त, तितकं लांबचं जवळ दिसतं).

हिशोब करून बघा. खो-खोचं मोठं मैदान २७ बाय १६ मीटर. बाजूला उभे राहिलात तर खेळाडू साधारण २० मीटरवर. एवढ्या अंतरावर १७ च्या २एक्स फ्रेममध्ये जवळपास १३ मीटर रुंद भाग मावतो, मुलगी त्यात ठिपक्याएवढी. प्रोच्या ४एक्सला ७ मीटर, ८एक्सला साडेतीन मीटर. ८एक्सला सूर मारणारी मुलगी फ्रेम भरून टाकते.

तुम्ही म्हणाल, १७ वरही झूम होतोच. होतो, पण तो नुसता कापलेला फोटो असतो. ४८ मेगापिक्सेलच्या सेन्सरमधून (प्रकाश टिपणाऱ्या चिपमधून) ४एक्स कापलं तर खरे ३ मेगापिक्सेल उरतात, ८एक्सला पाऊणच. बाकीचं सॉफ्टवेअर भरतं, त्यामुळे चेहरा मेणासारखा गुळगुळीत दिसतो. प्रोमध्ये ८एक्स हा टेलिफोटोच्या सेन्सरचा मधला भाग, तिथे पूर्ण १२ मेगापिक्सेल मिळतात. दिवसाउजेडी हा फरक कुणालाही दिसेल.

मैदानावरच्या फोटोंसाठीच फोन घेत असाल तर प्रो घ्या. ते फोटो वर्षातून दोनदाच काढणार असाल तर नका घेऊ.

रंगमंच_प्रकाश

मैदानाबद्दल सहमत. पण गॅदरिंगसाठी प्रो घेणं मला पटत नाही.

प्रोच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर मोठा आहे, पिक्सेल १.२२ मायक्रॉनचा, १७ चा १ मायक्रॉनचा. ऐकायला मोठा फरक वाटतो. पण १७ ची लेन्स एफ/१.६, प्रोची एफ/१.७८ (हा आकडा लहान तेवढा प्रकाश जास्त). शिवाय प्रोची लेन्स २४ मिमी म्हणजे जास्त रुंद, १७ ची २६ मिमी. लांबून तेवढीच चौकट हवी तर प्रोचा फोटो जास्त कापावा लागतो. तिन्ही गोष्टी एकत्र धरल्या तर २एक्सपर्यंत दोघांना मिळणारा प्रकाश जवळजवळ सारखाच. ४एक्सला टेलिफोटो पुढे जाते, पण उजेड फारच कमी झाला की फोन आपणहून ती सोडून मुख्य कॅमेऱ्याचा तुकडा कापून देतो. दुकानात तपासायचं तर ४एक्सवर ठेवून एकेका लेन्सवर बोट धरा. ज्या बोटाने चित्र काळं होईल ती लेन्स चालू. एकदा उजेडात बघा, एकदा काउंटरखालच्या अंधारात.

गॅदरिंगचे व्हिडिओ बिघडतात ते बहुतेक दोन कारणांनी, आणि दोन्हींचा उपाय फुकट आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची. सेकंदाला ३० फ्रेमने चित्रण केलं की ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडीखाली पट्टे सरकताना दिसतात. सेटिंग्ज, कॅमेरा, रेकॉर्ड व्हिडिओ इथे ‘शो पाल फॉरमॅट्स’ चालू करा आणि ४के २५ (सेकंदाला २५ फ्रेम) निवडा. दुसरं, स्पॉटलाइटमध्ये चेहरे पांढरे फटक पडतात. चेहऱ्यावर बोट दाबून धरा, फोकस लॉक झाला की सूर्याचं चिन्ह थोडं खाली ओढा. हे तुमच्या १२ वरही आजच करता येईल.

हिशोबनीस

‘नो-कॉस्ट’ ईएमआयबद्दल. दुकानदार व्याजाएवढी सूट आधी देतो, पण बँक व्याज लावतेच आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी तुमच्याकडून घेते. १,३४,९०० चे १२ हप्ते आणि व्याजदर १६ टक्के धरला तर व्याज सुमारे ११,००० आणि त्यावर जीएसटी जवळपास २,०००. प्रोसेसिंग फी वेगळी. कार्डाची कॅशबॅक ईएमआयवर लागू आहे का तेही आधीच विचारा.

फरक ६० महिन्यांवर पसरला तर महिन्याला ८६७ रुपये. विकताना त्यातला काही भाग परत येईल, पण पाच वर्षांनी किती ते आज धरून चालू नका.

जीएसटी नोंदणी असेल आणि फोन धंद्याच्या कामासाठी असेल तर जीएसटीआयएन (तुमचा जीएसटी नोंदणी क्रमांक) घातलेलं बिल घ्या. ५२,००० मधले सुमारे ७,९०० इनपुट क्रेडिटमध्ये जातात, म्हणजे तुम्ही भरायच्या जीएसटीतून वजा होतात. घरगुती वापराला हे लागू नाही.

उष्णतामापक

चंद्रपूरचा उन्हाळा म्हणून प्रो घेऊ नका. प्रोमध्ये व्हेपर चेंबर आहे: बंद डबीतलं थोडंसं पाणी चिपजवळ वाफ होऊन उष्णता ॲल्युमिनियमच्या सांगाड्यात नेतं. लांबलचक चित्रीकरणात, गेममध्ये त्याचा उपयोग होतो. पण उष्णता शेवटी बाहेरच्या हवेतच जायला हवी. ॲपल वापरासाठी हवेचं तापमान ० ते ३५ अंश सांगतं, तुमच्याकडे मे महिन्यात ४५ ओलांडतं, वर थेट ऊन. दोन्ही फोन स्क्रीन अंधुक करणार आणि चार्जिंग थांबवणार.

मैदानावर कव्हर काढा, शूटिंग करताना पॉवर बँक लावू नका, ४के ६० ऐवजी ४के २५ ठेवा, मधल्या वेळात फोन सावलीत. तापलेला फोन फ्रिजमध्ये ठेवू नका, आत दव धरतं.

बॅटरीतही फार अंतर नाही. सिम ट्रे असलेल्या प्रोला कंपनी ३१ तास व्हिडिओ सांगते, १७ ला ३०.

खोखोप्रेमी_चंद्रपूर

सगळ्यांचे मनापासून आभार. वर्षभरात बरेच सामने असतात, त्यामुळे टेलिफोटो हवीच. वापरलेला १६ प्रो घेतला तर? आणि व्हिडिओ लॅपटॉपवर घ्यायला प्रो वेगवान आहे म्हणतात, ते खरं का?

भिंगवाला

१६ प्रोची टेलिफोटो ५एक्स, १२ मेगापिक्सेल. नेमकं ५एक्सवर छान काम करते. १०एक्सला ३ मेगापिक्सेलच उरतात, आणि २एक्स ते ५एक्सच्या मधे सगळा कापलेला फोटो. २० मीटरवर ५एक्सची फ्रेम पावणेसहा मीटर रुंद, म्हणजे पाठलागाचे फोटो चांगले येतील, चेहऱ्यावरचे भाव नाही. किंमत बरीच कमी असेल तर जरूर घ्या.

घेताना *#०६# डायल करून आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) बघा आणि संचार साथी या सरकारी पोर्टलवर तपासा. ‘ब्लॅकलिस्टेड’ किंवा ‘डुप्लिकेट’ आलं तर तिथूनच परत फिरा. सेटिंग्ज, जनरल, अबाउटमध्ये बदललेले भाग दिसतात. बॅटरी हेल्थमध्ये सायकल काउंट (बॅटरी किती वेळा पूर्ण वापरली गेली) बघा. १,००० सायकलला ८० टक्के क्षमता राहावी अशी या बॅटरीची रचना आहे. ‘फाइंड माय’ (फोन मालकाच्या खात्याला बांधून ठेवणारी सोय) मालकाने तुमच्यासमोर बंद केल्याशिवाय पैसे देऊ नका.

वेगाचं खरं आहे. १७ चा पोर्ट सेकंदाला ४८० मेगाबिटचा, दोन्ही प्रोंचा १० गिगाबिटचा. १०० जीबी व्हिडिओला १७ वर पाऊण तास सहज जातो. मात्र प्रोच्या डब्यातली केबलही ४८० मेगाबिटचीच असते, १० गिगाबिटची वेगळी विकत घ्यावी लागते.