काबूल, १९९४ चा हिवाळा: एका खोलीतलं घर नेमकं कसं चालायचं?

तिसरी घंटा
नमस्कार मंडळी. काबूलवर दोन अंकी नाटक लिहायला घेतलं आहे. पहिला अंक जानेवारी १९९४ च्या शेवटचा. हिज्ब-ए-इस्लामीचा प्रमुख हिकमतयार आणि उत्तरेचा उझबेक सेनानी दोस्तम यांनी मिळून राष्ट्राध्यक्ष रब्बानी यांच्या सरकारवर हल्ला चढवला आहे आणि शहराची रसद तुटायला लागली आहे. दुसरा अंक १९९६ च्या शरदातला, तालिबान शहरात आल्यानंतर लगेचचा. कुटुंब पश्चिमेकडच्या कार्ते-से भागातून उठून उत्तरेला खैरखान्यात नातलगांकडे आलेलं: आजी, सून, तिची दोन मुलं आणि धाकटा दीर. नवरा पेशावरला. सगळं एकाच खोलीत घडतं.

लढायांच्या तारखा पुस्तकांत सापडतात, रोजचं जगणं सापडत नाही. खोली कशाने तापवायचे? नान कुठून यायचा? पाणी कोण आणायचं? पेशावरहून पैसे कसे पोचायचे? सध्या मी खोलीच्या मधोमध पेटती शेगडी ठेवली आहे आणि सगळे तिच्याभोवती हात शेकत बसलेत. शिवाय सून शिक्षिका आहे आणि सकाळी शाळेत जाताना दाखवली आहे. यात खटकणारं काही असेल तर मोकळेपणाने सांगा.

वाटसरू
उघडी शेगडी काढा, तिथे संदली हवी. तुमच्या नाटकाला तर ती फारच सोयीची, कारण संदलीमुळे सगळं घर आपोआप एका जागी बसतं.

संदली म्हणजे गुडघ्याएवढा उंच चौकोनी लाकडी मेज. त्याखाली निखाऱ्यांचं पसरट भांडं, ज्याला मनकल म्हणतात. मेजावर भलामोठा लिहाफ, म्हणजे रजई, चारही बाजूंनी जमिनीपर्यंत लोळणारा. भोवती तोशक, म्हणजे पातळ गाद्या, आणि पाठीला भिंतीशी लोड. माणसं पाय आत घालतात आणि लिहाफ कमरेपर्यंत किंवा छातीपर्यंत ओढून घेतात. खोली गारच राहते, माणूस तेवढा ऊब धरतो. म्हणून पात्रांच्या खांद्यावर पतू, म्हणजे जाड लोकरी चादर, किंवा शाल हवी आणि बोलताना तोंडातून वाफ यायला हवी. कोणी उठला की लिहाफाची कड नीट खोचून उठतो, नाहीतर गारवा आत शिरून इतरांचे पाय गारठतात. या साध्या हालचालीवर नटांना खूप काम करता येईल.

मनकल भरणं हे जबाबदारीचं काम, बहुतेक घरांत थोरल्या बाईचं. कोळसा आधी बाहेर अंगणात पेटवायचा. धूर आणि त्यावर नाचणारी निळी ज्योत पूर्ण थांबेपर्यंत आत आणायचा नाही. अर्धवट जळका लाकडाचा तुकडा दिसला तर चिमट्याने काढून टाकायचा. मग लाल निखाऱ्यांवर चाळलेल्या राखेचा दोन बोटं थर द्यायचा. राखेमुळे हवा कमी मिळते, निखारा हळू जळतो आणि सकाळी भरलेली मनकल दुपार टळेपर्यंत चालते. ऊब कमी वाटली की वरची राख जराशी बाजूला सारायची, फुंकायची नाही.

इथे चुकलं की माणसं जातात. अर्धवट जळणाऱ्या कोळशाचा विषारी वायू वासाने कळत नाही. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग झोप येते. डोकं लिहाफाखाली घेऊन झोपलेलं मूल सगळ्यात आधी सापडतं. युद्धाने हा धोका वाढवला. रॉकेटच्या धक्क्याने काचा फुटल्या की खिडकीवर प्लास्टिकचा कागद ताणून वर लाकडी पट्ट्या ठोकायचे. काचेच्या जुन्या चौकटीतून थोडी हवा तरी यायची, प्लास्टिक खोली पार बंद करतं. आजी मधूनच दार किलकिलं करते आणि पोरं कुरकुरतात, असं दाखवलंत तर ते अगदी खरं. दुसरा अपघात भाजण्याचा: झोपेत पाय मनकलला लागतो, नाहीतर लिहाफाची कड निखाऱ्यावर पडते.

बुखारी वेगळी. ती पत्र्याची बंद शेगडी, नळकांडं खिडकीतून किंवा भिंतीतून बाहेर काढलेली. तिने सगळी खोली तापते, पण सरपण फार खाते, म्हणून रसद तुटल्यावर ती आजारी माणसासाठी किंवा बाळंतिणीसाठीच पेटायची. लाकडाच्या भुशावर चालणारी बुखारीही असते. पिंपाच्या मधोमध दांडा उभा धरून भोवती भुसा ठासून भरायचा, मग दांडा अलगद वर ओढून घ्यायचा. मधे जे भोक राहतं त्यातून खालून आग लागते आणि भुसा आतून बाहेर सावकाश जळत जातो. भुसा दमट असेल किंवा सैल भरला असेल तर भोक ढासळतं आणि खोलीभर धूर होतो.

पात्रांच्या तोंडी किलो घालू नका. काबूलचा पाव सुमारे ४४० ग्रॅमचा. १६ पाव म्हणजे एक सेर, साधारण ७ किलो. ८० सेर म्हणजे एक खरवार, साधारण ५६५ किलो. ऐपत असलेलं घर शरदातच खरवाराने लाकूड भरून ठेवायचं. तुमच्या घरात ते सेरासेराने येईल. तेही संपलं की खुर्च्या, पेट्या, पडक्या घरांच्या चौकटी आणि छताच्या तुळया. पश्चिम काबूलमधली कितीतरी घरं तोफेने अर्धी पाडली आणि उरलेली सरपणाने संपवली.

नकाशावाला
वरचं सगळं बरोबर. एक भर: हेच कुटुंब मिक्रोरयान वस्तीतल्या सोव्हिएत पद्धतीच्या इमारतीत दाखवलं असतं तर चित्र निराळं झालं असतं. तिथे मध्यवर्ती यंत्रातून गरम पाणी खेळवून खोल्या तापवायची सोय होती. ती बंद पडल्यावर धुराड्याची जागाच नसलेल्या घरांत लोकांनी बुखाऱ्या बसवल्या आणि खिडक्यांमधून नळकांडी बाहेर आली. खैरखान्यात कुंपणाच्या भिंती आणि अंगणं असलेली घरं बरीच, त्यामुळे अंगणात कोळसा पेटवणं जमतं.

शाळेचं मात्र बदला. काबूल थंड प्रदेशात मोडतं, शाळांना हिवाळ्यात सुमारे तीन महिने सुट्टी असते आणि वर्ष नवरोजनंतर, मार्चच्या शेवटी सुरू होतं. जानेवारीत सून शाळेत जाणार नाही, युद्ध असो वा नसो. ते दिवस ‘चिल्ला-ए-कलान’चे, डिसेंबरच्या २१-२२ तारखेपासून पुढचे कडाक्याचे चाळीस. आजी दिवस त्यानेच मोजेल.

वीज दाखवू नका. काबूलला वीज देणाऱ्या सरोबीच्या धरणाकडचा भाग आणि जलालाबादचा रस्ता दोन्ही हिकमतयारच्या हातात. कंदील पुरे, त्याला तिथे अलिकेन म्हणतात.

गव्हाळ
नानबद्दल. काबूलमध्ये पुष्कळ घरी कणीक घरात भिजवतात आणि थाळीत गोळे मांडून गल्लीतल्या नानवाईकडे पाठवतात. तो तंदुरात लावून देतो आणि भाजणावळ घेतो. थाळी डोक्यावर घेऊन जाणं हे पोरांचं काम. म्हणजे तुमच्या मुलाला रोज बाहेर पडायला खरं कारण आहे, आणि रॉकेटं पडत असताना रोज पाठवायचं की नाही हा घरातला खरा पेच. तयार नान उधारीवर घेणाऱ्या घराची नानवाईकडे एक काठी असते, चोबखत. नानमागे एक खाच, हिशेब पुढे चुकता.

कणकेत आदल्या दिवशीचा आंबट गोळा घालतात. हिवाळ्यात ती फुगत नाही, म्हणून परात कापडात गुंडाळून उबेला संदलीजवळ ठेवायची. फार जवळ ठेवली तर एका बाजूने जास्त आंबते आणि नान तंदुराच्या भिंतीवरून सुटून विस्तवात पडतो. सरपण महागलं की नानवाई तंदूर दिवसातून एकदाच पेटवतो, मग रांग लागते आणि उशिरा आलेल्याची कणीक तशीच परत जाते.

पिठाचा ढोबळ हिशेब सांगतो. नानवरच जगणाऱ्या मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे पाऊण ते एक पाव पीठ लागतं, मुलांना त्याहून कमी. पाच जणांच्या घरात दीड किलोच्या आसपास रोज जातं. ५० किलोचं पोतं महिनाभर पुरतं, तेही पाहुणे आले नाहीत तर. काबूलला ही पोती रस्त्याने येतात. पूर्वेचा रस्ता सरोबीपाशी अडलेला, उत्तरेला सालंग खिंडीपलीकडे दोस्तम. १९९२ पर्यंत सरकारी नोकराच्या घरी कुपनावर पीठ, तेल, साखर मिळायची. सोव्हिएत मदत थांबली, नजीबुल्लाहचं सरकार पडलं आणि तो आधार तुटला. आजीचा मुलगा सरकारी नोकर असेल तर तिला कुपनांची आठवण येणारच.

पीठ कमी पडलं की शोरव्यात, म्हणजे पातळ रश्शात, शिळा नान मोडून घालायचा, त्यात कुरूत, म्हणजे वाळवलेल्या दह्याचे खारट गोळे, भिजवून कुस्करायचे. गोडाला सुकं तूत, नाहीतर दळलेल्या तुताचं तलखान. सलगम आणि गाजरं अंगणात खड्ड्यात मातीखाली पुरून ठेवतात. पण तुमचं कुटुंब घाईने उठून आलंय, त्यांचा खड्डा कार्ते-सेला राहिला. नातलगांच्या साठ्यातलं किती घ्यायचं, हा विषय बायका मोठ्याने बोलणार नाहीत. ताटात कोणाचा हात किती वेळा जातो त्यावरून तो कळतो.

तिसरी घंटा
संदलीने माझा सगळा रंगमंचच बदलला, मनापासून आभार. अजून दोन प्रश्न. विधवांना आणि गरिबांना स्वस्त नान देणाऱ्या बेकऱ्यांबद्दल वाचलं होतं, तिथे सून काम करताना दाखवू का? आणि पेशावरहून येणारे पैसे कसे, कोण आणतं?

गव्हाळ
जागतिक अन्न कार्यक्रमाच्या त्या बेकऱ्या तुमच्या दुसऱ्या अंकानंतरच्या वर्षांत शोभतील. विधवा बायकाच तिथे भाजायच्या आणि नान बाजारापेक्षा खूप स्वस्त असायचा. ऑगस्ट २००० मध्ये तालिबानने अशा २५ बेकऱ्या बंद करण्याचा हुकूम काढला आणि लगेच मागे घेतला. १९९४ मध्ये त्या घालू नका.

शमा
पैशांचं मी सांगते. रस्ता हवाल्याचा. नवरा पेशावरच्या चौक यादगारमधल्या सराफाकडे (पैसे बदलणारा, सोनार नव्हे) पाकिस्तानी रुपये भरतो, त्यांना अफगाण लोक कलदार म्हणतात. सराफ घेणाऱ्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव, रक्कम आणि एक खुणेचा आकडा लिहून घेतो. काबूलच्या सराय शहजादा या सराफ बाजारातल्या जोडीदाराला तो वायरलेसवरून किंवा येणाऱ्या माणसाबरोबर चिठ्ठीने कळवतो. घरच्यांना आकडा वेगळ्या वाटेने पोचतो, बहुधा कोणा ओळखीच्या प्रवाशाच्या तोंडी. आकडा जुळला की रोकड हातात. नेहमीच्या वाटेवर दलाली शेकड्याला एक-दोन, लढाई पेटली की जास्त. नोटा सरहद्दीवरून जातातच असं नाही. काबूलचा व्यापारी पेशावरहून माल मागवतो, त्याचं देणं आणि तुमच्या नवऱ्याचं पाठवणं या दोन सराफांच्या वह्यांत एकमेकांत वळतं होतं.

अडतं कुठे, ते जास्त महत्त्वाचं. रस्ता बंद झाला की माल थांबतो, वळतं करायला काही उरत नाही आणि काबूलचा सराफ म्हणतो, आठवड्याने या. दुसरं, रक्कम कोणत्या नाण्यात ठरली? अफगाणीत ठरली असेल आणि चिठ्ठी उशिरा पोचली तर तेवढ्यात भाव पडलेला असतो. म्हणून शहाणी माणसं कलदारात किंवा डॉलरात ठरवून घेत. १९९३ पासून १०,००० ची नोट होती, तरी पिठाच्या पोत्याला नोटांची पुडकी लागत, मोजणी लाखांत. या जुन्या अफगाणीच्या किमती आजच्याशी ताडू नका. ऑक्टोबर २००२ पासून १,००० जुन्यांची एक नवी झाली.

कोण आणतं? दिराला पाठवू नका. तरुण पुरुष नाक्यावर अडवला जायचा. कुठल्या जमातीचा, कुठल्या गटाचा यावरून उचलला जायचा, नाहीतर जबरदस्तीने लढायला नेला जायचा. पश्चिम काबूलमध्ये तर आडनावाआधी चेहरा वाचत. म्हाताऱ्या बाईची झडती क्वचित होई. म्हणून आजी जाईल, नातवाला बरोबर घेऊन, आणि पैसे अंगावरच्या कपड्यांत आत शिवलेल्या खिशात. या वर्षांत घरातलं बाहेरचं काम असं पुरुषांकडून म्हाताऱ्यांकडे आणि पोरांकडे सरकलं. दीर घरात बसून आहे, त्याची म्हातारी आई बाहेर जाते, यातून जो ताण उभा राहतो तो तुमच्या पहिल्या अंकाचा कणा व्हावा असं मला फार वाटतं.

वाटसरू
पाण्याचं राहिलं. हातपंपावरून २० लिटरच्या प्लास्टिकच्या डब्यात, बुश्क्यात. भरला की २० किलो, म्हणजे नऊ वर्षांचं मूल तो अर्धाच आणू शकतं. पहाटे पंपाचा दांडा गोठतो, म्हणून त्याला पोती गुंडाळतात आणि घरून किटलीभर गरम पाणी नेऊन ओततात. बर्फ वितळवणं स्वस्त वाटतं, पण ताज्या भुसभुशीत बर्फाच्या दहा बादल्यांतून जेमतेम एक बादली पाणी निघतं आणि कोळसा जातो तो वेगळाच.

छप्पर मातीचं असेल तर बर्फ पडल्या पडल्या लाकडी फावड्याने खाली ढकलावा लागतो. राहू दिला तर वितळून कहगिलमध्ये, म्हणजे भुसा घातलेल्या गिलाव्यात मुरतो आणि तुळया कुजतात. एरवी हे काम पुरुषाचं. गोळे पडत असताना मात्र छपरावर उभा माणूस लांबून दिसतो, मग अंधार पडल्यावर चढायचं.

शमा
दुसऱ्या अंकासाठी थोडंसं. १९९४ मध्ये सून डोक्यावर ओढणी घेऊन एकटी बाहेर पडू शकते, पगार थकला तरी शिक्षिका म्हणून तिची नोकरी कागदावर आहे. २७ सप्टेंबर १९९६ नंतर नोकरी गेली, मुलींच्या शाळा बंद, बुरका सक्तीचा, आणि बाहेर जायला घरातला पुरुष हवा. त्यामुळे तिचे शिकवणे घरात येते. मुली एकदम येत नाहीत, दोघी-दोघी थोड्या थोड्या वेळाने येतात. वह्या शिवणाच्या कापडात गुंडाळलेल्या. हेरातमध्ये तर शिवणवर्गाच्या आडून बायकांचं साहित्याचं शिक्षण चालायचं. संदली शरदाच्या सुरुवातीला अजून मांडलेली नसते, तेव्हा ती जागा मोकळी मिळेल, मुली तिथे बसवा आणि दाराकडे तोंड करून आजी.

सोबतीचा पुरुष कोण, तर तोच थाळी नेणारा मुलगा. पहिल्या अंकात तो नऊ वर्षांचा धरला तर आता जवळजवळ बारा, म्हणजे आईबरोबर चालायला चालतो. नट निवडताना त्याची उंची या हिशेबाने बघा, किंवा दोन अंकांसाठी दोन मुलगे घ्या.