मदत हवी आहे: क्रीमची डबी संपत नाहीये, उलट भरून राहिली

नमस्कार, पहिल्यांदाच लिहून राहिली, चुकलं तं सांभाळून घ्या. राहायला नागपूरला महालात, जॉब मिहानमध्ये. स्कूटीनं बर्डीपर्यंत नं तिथून मेट्रोनं खापरी. मार्चमध्ये जॉइन झाली. टीममध्ये मला धरून आठ मुली, सगळ्या इतक्या नितळ नं एकसारख्या की पहिला आठवडाभर मी एकीचं काम दुसरीलाच सांगत होती. मी सावळी, ओठाखाली मोठा तीळ, थेट आजीवर गेलेला. डब्यात सांबारवडी नेली तं कोणी हात लावला नाही, एकजण म्हणे सांबार म्हणजे इडलीसोबतचा ना? (बाहेरच्यांसाठी सांगून राहिली, आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर.) नं मी "करून राहिली" म्हटलं की सातही जणी एकदमच हसायच्या. एकाच आवाजात.

एप्रिलमध्ये त्यातल्या एकीनं डबी दिली. लेबल नाही, काही नाही. अर्धी भरलेली, आत गव्हाळ रंगाचं क्रीम, मला वाटलं चंदन-बिंदन असेल. रोज रात्री लाव म्हणे.

तं प्रॉब्लेम असा आहे की दोन महिने रोज लावून राहिली नं डबी आता काठोकाठ भरली आहे. रंगही बदलला. आता ती माझ्या रंगाची आहे, म्हणजे माझ्या आधीच्या रंगाची. मधोमध एक काळा ठिपका दिसला, कचरा असेल म्हणून सेफ्टी पिननं काढायला गेली तं टोचलं माझ्या ओठाखाली.

रस्त्यावर कोणाच्या लक्षात यायचा प्रश्नच नव्हता, नवतप्याच्या उन्हात नागपूरच्या सगळ्याच पोरी डोळे सोडून बाकी सगळं स्टोलमध्ये गुंडाळून गाडी चालवतात. घोळ झाला तो ऑफिसात. आमची हजेरी चेहरा दाखवून लागते. महिनाअखेरीस एचआरनं बोलावलं, म्हणे मशीनमध्ये एकाच मुलीचे रोज आठ पंच आहेत नं बाकी सातजणी महिनाभर गैरहजर. सातजणींचा पगार कापला, कोणी भांडलंच नाही. माझा मोबाइलही आता त्यातल्या कोणीही समोर धरला तं उघडतो. खरं सांगू का, पहिल्यांदा उघडला तेव्हा मला आनंद झाला होता.

आई खूश आहे, किती छान दिसून राहिली म्हणते. पण आजीला मोतीबिंदू आहे, ती हात फिरवून ओळखते. परवा चेहऱ्यावरून हात फिरवला, ओठाखाली अंगठा थांबवला, नं म्हणाली, "बसा जी, पाणी घ्या. आमची पोरगी येतच असेल ऑफिसातून." मी बसली बाप्पा. पाणीही प्यायली. अर्धा तास आम्ही दोघींनी दाराकडे पाहत वाट पाहिली.

तं मदत अशी हवी आहे की तीळ परत कसा बसवायचा? नं दुसरं म्हणजे कान राहिले आहेत, ते अजून सावळेच आहेत, वेगळेच दिसतात, तं कानाला लावू का थांबू? आणि डबी काऊन भरून राहिली असेल?

प्रतिसाद – संत्राबर्फी
ताई, क्रीम बंद करा नं बेसन-दही लावा. डबीचं माहीत नाही, आमच्याकडे दही पण कधीच संपत नाही.

प्रतिसाद – औषधवाला
मस्करी बाजूला ठेवा. बिनलेबलच्या गोरं करणाऱ्या क्रीममध्ये अनेकदा पारा नाहीतर स्टेरॉइड निघतं. पारा त्वचेतलं मेलॅनिन बनणंच अडवतो म्हणून माणूस उजळ दिसतो, पण तो आत शिरून किडनीला धरतो. 2023 मध्ये केरळात मलप्पुरमला अशाच क्रीमा लावणाऱ्यांमध्ये किडनीच्या आजाराच्या केसेस निघाल्या होत्या. स्टेरॉइड असेल तर कातडी पातळ होते, चेहऱ्यावर लव वाढते, आणि एकदम सोडलं की चेहरा लालभडक होतो, म्हणून मनानं काही करू नका. 2018 पासून ही मलमं चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत असा नियम आहे, तरी सर्रास मिळतात. मेडिकल नाहीतर मेयो, या सरकारी दवाखान्यांच्या स्किन ओपीडीत जा, लघवीत प्रोटीन जातं का ते तपासा, आणि डबी फेकू नका, पिशवीत बंद करून सोबत न्या. कानाला अजिबात लावू नका. तिळाबद्दल माझ्याकडे उत्तर नाही.

प्रतिसाद – तर्रीवाला
दोन महिन्यांत तुम्ही एकदा तरी ती डबी कोणाला दाखवली का? आजीला दाखवा बे आधी. तिला डबी हातात द्या.

प्रतिसाद – धागाकर्ती
सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला थोडा उशीर झाला, क्षमस्व.

डॉक्टरांकडे जाऊन आले. आम्ही आठही जणी गेलो होतो, केसपेपर एकच निघाला, त्यामुळे वेळ वाचला. तपासणीत काही आढळलं नाही. कानांचा प्रश्नही सुटला आहे. डबी आता माझ्याकडे नाही. सोमवारी भंडाऱ्याची एक मुलगी रुजू झाली, तिला दिली. तिच्या हनुवटीवर लहानपणी घातलेल्या टाक्यांची खूण आहे आणि ती फार मोठ्याने बोलते, पण स्वभावाने गोड आहे.

तर्रीवाला, तुम्ही कोणत्या आजींबद्दल विचारत आहात ते लक्षात आलं नाही. महालातून एका वृद्ध बाईंचा रोज संध्याकाळी फोन येतो, पोरगी निघाली का विचारतात. मी निघाली आहे असं सांगते. उगाच कशाला काळजी.

फक्त एक छोटी मदत हवी होती. या धाग्यात वर माझ्या नावाने जे लिहिलं गेलं आहे, त्यात "काऊन", "बाप्पा", "लिहून राहिली" असे शब्द दिसत आहेत. मला संपादनाचं बटण सापडत नाही. ते कसे काढायचे?