गोव्यात लोकर विणता? कुणासाठी विणता ते इथे लिहा

फोंडा (चर्चेचा हा धागा मीच काढतेय)

मे महिन्यात शाळेतून रिटायर झाले. इतकी वर्षं हातात खडू होता, आता दिवसभर सुया आहेत. परवा बालकांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीवर, बसून विणत होते तर वरच्या मजल्यावरची नवीन भाडेकरू मुलगी विचारते, काकू, इथे पंख्याखाली पण घाम येतो, तुम्ही स्वेटर विणता तरी कुणाला? पणजीत जानेवारीच्या रात्रीसुद्धा पारा २० च्या आसपास असतो, म्हणजे प्रश्न तिचा बरोबरच. मी तिला सांगायला लागले तर यादी संपेना. पुण्याचा भाऊ, बेळगावची नणंद, इंग्लंडमध्ये स्विंडनला गेलेला पुतण्या आणि त्याच्या खोलीतली दोन मुलं, कॉलनीत जन्मलेलं प्रत्येक बाळ. एवढ्या वर्षांत स्वतःसाठी एकही नाही, आणि ते मला कधी जाणवलंच नव्हतं.

शिकवलं आईने. सुया नव्हत्या, सायकलच्या दोन आऱ्या ओट्यावर घासून टोकदार केलेल्या. लोकरही जुनीच, मामाचा फाटका स्वेटर उसवलेला. आई म्हणायची आधी उसवायला शीक, मग विणायला. महिनाभर नुसतं सुलट, उलट टाका चवथीनंतर.

इथे विणणारे बरेच आहेत हे मला माहीत आहे, बायकाच नाही पुरुषही. पहिला टाका कोणी दाखवला, कुणासाठी विणता, देवासाठी काही केलं का, प्रवासात, रिटायर झाल्यावर, जे आठवेल ते लिहा.

म्हापसा

बाई नमस्कार, मी लोकरवाली नाही, क्रोशेवाली. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून दोऱ्याच्या गुंड्या आणायच्या आणि ताटावरचे रुमाल, तोरणं, टीव्हीवरचं कव्हर. आमच्याकडे क्रोशे आलं पोर्तुगीजांच्या काळात, कॉन्व्हेंटमधून, मला शिकवलं शेजारच्या ख्रिश्चन मावशीने. ती चॅपेलच्या आल्तारावरच्या कापडाला लेस विणायची आणि मी तिच्या शेजारी पायरीवर बसून आमच्या देवघराचं तोरण. साखळीचा टाका तोच, खांबाचा टाका तोच, तिचे द्राक्षाचे घोस, माझी कमळं. सुई सुद्धा तिचीच दिलेली, पोलादी, अगदी बारीक, अजून तीच वापरते.

२०२४ च्या नोव्हेंबरात जुन्या गोव्यात सायबाचं (सेंट फ्रान्सिस झेवियरचं) शवप्रदर्शन सुरू झालं तेव्हा मावशीला जायचं होतं, गुडघे साथ देत नव्हते. मी घेऊन गेले. रांगेत उभं राहून तिच्या डोक्यावरच्या रुमालाची कड मीच विणलेली दिसत होती मला. चवथीला ती आमच्या गणपतीवरच्या फळांच्या माटोळीखाली बसून नेवऱ्या खाते. आणखी काय लिहू.

साखळी

माझे मिस्टर फौजी, त्यामुळे मी विणायला पठाणकोटला शिकले. थंडीत दुपारी क्वार्टरसमोर चारपाया टाकायच्या, पंजाबी बायका शेंगा खात खात विणायच्या, सुई काखेत धरून, बघायच्या सुद्धा नाहीत विणीकडे. रस्त्यावरून कोणी अनोळखी बाई चांगल्या डिझाईनचा स्वेटर घालून गेली की तिला थांबवून पाठ वळवायला लावायच्या, टाके मोजायच्या आणि मग सोडायच्या. माझी वही अजून आहे, त्यात अर्धं हिंदी अर्धं मराठी, "२ सीधे, धागा आगे, २ टाके एकत्र".

मिस्टर रिटायर झाले, आम्ही कायमचे घरी आलो, ट्रंकेत १४ स्वेटर. इथे कोण घालणार? दोन पावसाळे ट्रंक उघडली नाही, उघडली तेव्हा कुबट वास, दोन स्वेटर कसरीने खाल्लेले. त्या दिवशी जेवण गेलं नाही. मग ठरवलं आणि एकेक उसवायला घेतला. उसवलेली लोकर नागमोडी असते, तशीच विणली तर टाके वेडेवाकडे येतात, म्हणून खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी करायची, चार ठिकाणी सैल बांधायची, कोमट पाण्यातून काढायची आणि खाली छोटं वजन लटकवून सावलीत वाळवायची. सरळ होते. त्याचे चौकोन विणून एक मोठं पांघरूण केलं, पठाणकोटचा हिरवा, जबलपूरचा निळा, सगळी पोस्टिंगं त्यात आहेत. नातू सुट्टीत आला की एसी लावून तेच घेतो.

आणि हो, देवाचं विचारलंत म्हणून. माझ्या सासूबाई सोवळ्यात लोकरीची धाबळी नेसायच्या, त्यांच्यासाठी पूजेचं आसन विणलं होतं. त्यांनी आधी एक धागा जाळून बघितला. खरी लोकर केस जळल्यासारखा वास देते आणि राख होते, अ‍ॅक्रिलिक वितळून गोळा होतो. मी अ‍ॅक्रिलिक आणलेलं. परत केलं सगळं, आणि त्यांचं बरोबर होतं असंच मला आजही वाटतं.

वास्को

मी पुरुष आहे, ६६ वर्षांचा. बायकोचं मनगट मोडलं, प्लास्टर, आणि भाचीच्या बाळासाठी अर्धवट स्वेटर. ती अस्वस्थ. म्हटलं तू सांग मी विणतो. सहा आठवडे ती खुर्चीत बसून सांगायची मी विणायचो, दोनदा सगळं उसवायला लावलं, भांडणं झाली. पण बॉर्डरच्या दोन सुलट दोन उलटमध्ये मला काहीतरी ओळखीचं वाटलं. आम्ही लहानपणापासून श्रावणात दामोदराच्या सप्ताहाला झांज वाजवत आलो, १८९९ ला प्लेगच्या साथीत सुरू झालेला सप्ताह आहे तो. भजनी ठेका आठ मात्रांचा, त्यात दोन सुलट दोन उलट बरोबर दोनदा बसतं. मग मी मनात अभंग धरून विणायला लागलो आणि चुकायचंच थांबलं. बायकोने मोजणं सोडून दिलं.

तिचा हात बरा झाला पण पकड पूर्वीची नाही, त्यामुळे आता घरात विणणारा मीच. ती अजून शेजारी बसते.

मडगाव

वास्कोचे काका, तुमचं वाचून डोळ्यात पाणी आलं.

माझी मुलगी कॅनडात. पहिल्या नातीसाठी मी मेरिनो लोकरीचा स्वेटर विणला, तीन महिने, खूप वेळ रेल्वेतच, कारण व्हिसाच्या कामासाठी मांडवी एक्सप्रेसने मुंबईला खेपा चालू होत्या. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा, त्या अंधारात पण माझी ओळ पुरी व्हायची. पाठवला. मुलीने वॉशिंग मशीनमध्ये गरम पाण्यात टाकला आणि बाहेर आला तो बाहुलीच्या मापाचा, नमद्यासारखा घट्ट. फोनवर रडत होती. चूक माझी, मी सांगायला हवं होतं. खऱ्या लोकरीच्या तंतूंवर बारीक खवले असतात, गरम पाणी आणि घुसळण मिळाली की ते एकमेकांत अडकतात, मग सुटत नाहीत. आता मशीनमध्ये चालेल अशी प्रक्रिया केलेली लोकरच घेते आणि आत पट्टी शिवून त्यावर मराठीत लिहिते "थंड पाणी". मुलीने तो छोटा स्वेटर फ्रेम केलाय.

पेडणे

आम्ही भजनी मंडळाबरोबर कार्तिकीला पंढरपूरला जातो. नोव्हेंबरातली पहाट, चंद्रभागेवर गारठा, आपल्या गोंयकारांना सवय नाही. दरवर्षी मंडळातल्या म्हाताऱ्यांना कानटोप्या विणते, रंग एकच, विटकरी, म्हणजे गर्दीत आपला माणूस सापडतो. गेल्या साली एकजण हरवले, टोपीवरूनच सापडले.

डिचोली

वाचतेय सगळं. मी नवीन आहे, बहिणीचं बाळ साडेसात महिन्यांतच झालंय, काचेच्या पेटीत आहे. नर्सने सांगितलं टोपी असेल तर आणा. सुया आहेत, विणायला येतं थोडं, माप कळत नाही. कोणी सांगाल का, आज रात्रीच बसते.

फोंडा

अगं विचारलंस ते बरं केलंस. एवढ्या लहान बाळाच्या अंगातली ऊब डोक्यातून फार जाते, म्हणून गोव्यातही टोपी लागतेच. आधी नर्सकडून डोक्याचा घेर सेंटीमीटरमध्ये विचारून घे. १० नंबरच्या सुया, ४ प्लायची मऊ बेबी लोकर, केसाळ नको. पूर्ण दिवसांच्या बाळाला मी ८४ टाके घालते, तुझ्या बाळाला ६० घाल, घेर कळला की कमीजास्त करू. २ सुलट २ उलट, ही वीण (रिब) ताणली जाते म्हणून थोडं लहानमोठं चालून जातं. ७ सेंटीमीटर टाके न घटवता वीण, मग प्रत्येक सुलट ओळीत टाक्यांचे पाच सारखे भाग (पहिल्यांदा १२-१२ चे) धरून प्रत्येक भागाच्या शेवटी दोन टाके एकत्र. ५ टाके उरले की धागा त्यातून ओवून ओढ, कडा शिव. गोंडा नको, लटकणारी दोरी नको. धुऊन, वाळवून मगच दे. कुठे अडलीस तर इथेच लिही, मी आज जागी आहे.