टँकर ट्रॉलीत हवा किती? (शनिवारच्या आत सांगा)

मंडळी,
टँकर आज वर्कशॉपमधून आला. शनिवारी कळमेश्वरकडची पहिली फेरी. टायरवाल्याने ८० पीएसआय भरलीय, टायरच्या कडेवर कमाल ६५ लिहिलंय. तो म्हणतो, पाण्याची ट्रॉली आहे, कमी भरली तर टायर बसेल. किती ठेवू?
– मीनल, नागपूर

---

मीनल, ८० अजिबात नको. कडेवरचा आकडा थंड टायरचा असतो आणि शेजारचं कमाल वजन त्याच हवेवर पेलतं. सरळ ६५ ठेव. कमी हवेत कड दर फेऱ्याला चेपते, तापते आणि आतले थर सुटतात. ट्यूबवाला टायर रिमवर सरकून व्हॉल्व्हच उपटतो.
– सुधीर

---

सुधीरभाऊ, वजन न करता ६५ काहून? पाणी ३००० लिटर म्हणजे ३००० किलो, रिकामा टँकर ९००. टँकर भरून धरमकाट्यावर न्यायचा. जोडणी सोडायची नाही. ट्रॅक्टर काट्याबाहेर, ट्रॉलीची चाकं काट्यावर. समजा ३४०० आले, तर उरलेले ५०० ट्रॅक्टरवर आणि टायरला प्रत्येकी १७००. मग टायर कंपनीच्या वजन-हवेच्या तक्त्यात तेच माप, तेच प्लाय (टायरच्या थरांचा आकडा), आपला वेग बघून १७०० किंवा लगेच वरचं वजन शोधायचं. जमलं तर एकेक चाकही तोला. जड बाजूला लागेल तीच हवा दोन्हीकडे. आणि देखभाल नागपूर गटाकडे आहे, आकडा आम्ही ठरवू.
– प्रशांत

---

ठरवा, पण तक्त्यातला आकडा किमान हवेचा असतो, त्याच्या खाली जायचं नाही. प्लाय जास्त म्हणून निर्धास्तही राहू नका. अमेरिकेतला ट्रेलरचा एसटी २०५/७५ आर १५ टायर घ्या: लोड रेंज (वजन पेलायचा वर्ग) सी ५० पीएसआयला १८२० पौंड पेलतो, डी ६५ला २१५०. डी बसवून हवा ५०च ठेवली तर तोही १८२०च पेलतो. वजन हवा पेलते.
– सुधीर

---

प्रशांतदादा, अर्धा टँकर नेऊ नका. वजन कमी, पण ब्रेक लागला की सगळं पाणी पुढे धावतं. आत आडवे पडदे आहेत का?
– वैशाली

---

आहेत, ताई. दोन.
– प्रशांत

---

वेळेचं कुणी बोललंच नाही. हवा पहाटे तपासा, टँकर निघायच्या आधी, सावलीत. २५ अंशांना भरलेली ६० पीएसआय ४५ अंशांना साधारण ६५ होते. चालून टायर तापला की आणखी चढते. ते बघून दुपारी हवा सोडायची नाही, नाहीतर पहाटे टायर कमी हवेवर उभा राहतो. नागपूरच्या मे महिन्यात ही चूक हमखास होते. नायट्रोजनही तापल्यावर तितकाच वाढतो, त्यावर पैसे घालवू नका. पंक्चरवाल्याच्या मीटरवर विसंबू नका, स्वतःचं गेज ठेवा.
– अनंतकाका

---

काका, मग परतीला टँकर रिकामा असताना कमी करायची का? ६५ वर उसळेल ना?
– वैशाली

---

उसळेल, पण सोडू नका. पुढच्या फेरीआधी परत भरायचं राहून गेलं तर भरलेल्या टँकरचा टायर जाईल. रिकामा हळू चालवा.
– अनंतकाका

---

उद्या पहाटे ८० ची ६५ करते. टँकर भरून दहाला काट्यावर. पावतीचा आणि तक्त्याचा फोटो इथेच टाकते. रिमवरही कमाल हवा छापली आहे का, तेही बघते.
– मीनल